पडद्यावरचा पसारा आणि वारणाकांठचा शेतकरी

ऊस तोडला गेला, गाडी भरून कारखान्याच्या कांट्यावर गेली, कीं शेतकऱ्याच्या मनांत एकच प्रश्न घोळत राहतो : वजन किती भरलें ? आडसाली लावणीचा ऊस सोळा ते अठरा महिने जमिनींत उभा असतो. तितके दिवस पाणी पाजून, खत घालून, भांगलण करून वाढविलेल्या पिकाचा सारा हिशेब त्या एका आंकड्यावर येऊन ठेपतो. तोडणीपूर्वींचा प्रश्नही तितकाच निकडीचा. अठरा महिने उभ्या राहणाऱ्या या पिकाला तोडल्यानंतर मात्र धीर धरवत नाहीं. उन्हांत पडून राहिलें तर वजन घटतें, रसांतील साखर उतरते. म्हणून 'आपल्या उसाला तोड केव्हां ?' आणि 'वजन किती ?' हे दोन प्रश्न म्हणजे ऊसपट्ट्यांतील साऱ्या अर्थशास्त्राचें सार होय. संगणकाच्या पडद्यावर काय ठेवावें आणि काय गाळावें, हा वाद पाश्चात्य देशांत गेलीं चाळीस वर्षें चालला आहे. त्याचें एक बोलकें उदाहरण मात्र कॅलिफोर्नियांत नव्हे, तर याच दोन प्रश्नांभोंवतीं, वारणानगर येथें घडलें.

वारणानगर हें कांहीं पुराणप्रसिद्ध गांव नव्हे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यांत, कोडोलीजवळच्या माळावर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सहकारी साखर कारखान्याभोंवतीं तें वसलें. त्याचे प्रवर्तक विश्वनाथ अण्णा उर्फ तात्यासाहेब कोरे हे १९९४ सालीं निवर्तले; तोंपर्यंत कारखान्याला जोडून दूधसंघ, ग्राहक भांडार, शाळा, महाविद्यालयें, इतकेंच काय पण मुलांचा एक वाद्यवृंदही उभा राहिला होता. या संस्थांचें कौतुक पुष्कळ झालें आहे. येथें महत्त्वाची गोष्ट एवढीच, कीं सभासद शेतकऱ्याचें खातें, त्याच्या जमिनीची व उसाची नोंद, त्यानें उचललेलें खत, त्याच्या उसाचें वजन, हें सर्व एका ठिकाणीं लिहिलें जात होतें. माहिती नव्हती असें कधींच नव्हतें. ती वारणानगरच्या कचेरींत होती आणि शेतकरी आपल्या गांवीं होता, ही खरी अडचण.

ती दूर करण्याच्या हेतूनें १९९८ सालीं एक महत्त्वाकांक्षी योजना पुढें आली. त्या वर्षीं मे महिन्यांत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारनें माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रसारासाठीं एक राष्ट्रीय कृतिदल नेमलें, आणि त्याच्या पुढाकारानें वारणा खोऱ्यांतील सुमारें सत्तर गांवें संगणकाच्या जाळ्यानें जोडण्याचें ठरलें. यांतील कांहीं गांवें कोल्हापूर जिल्ह्यांतील, तर कांहीं नदीपलीकडच्या सांगली जिल्ह्यांतील होतीं. इंग्रजींत योजनेला 'वायर्ड व्हिलेज', म्हणजे तारांनीं जोडलेलें खेडें, असें नांव मिळालें. खर्चाचा अंदाज अडीच कोटी रुपयांचा. त्यांतला निम्मा वांटा केंद्र सरकारचा, चाळीस टक्के महाराष्ट्र सरकारचा आणि उरलेला दहा टक्के वारणेच्या शिक्षणसंस्थेचा. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें सांभाळली. गांवोगांवीं केंद्रें उघडलीं, त्यांत संगणक आले, आणि ते चालविण्यास माणसें नेमलीं गेलीं.

या संगणकाकडून काय काय अपेक्षिलें होतें, तें पाहिलें म्हणजे आजही थक्क व्हायला होतें. पिकांविषयीं सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, सरकारी दाखले, रोजगाराची माहिती, मुलांचें शिक्षण, साऱ्या जगाशीं संपर्क, आणि त्याबरोबर उसाचा हिशेबही. यांतील एकही अपेक्षा वाईट नव्हती. परंतु पंगत बसतांच वाढप्यानें सारे पदार्थ एकदम एकाच पानांत ओतावे आणि जेवणाऱ्यानें भात कोठें आहे तें शोधीत बसावें, तसा कांहीं प्रकार त्यांत होता.

असा पसारा पडद्यावर मांडण्याची चाल कोठून आली, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. प्रारंभीं संगणकाशीं बोलणें म्हणजे त्याला लेखी आज्ञा देणें असे. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी, यंत्रानें उत्तर द्यावें. आज्ञा पाठ असली तर काम झटपट, नसली तर पडदा मख्ख. हा अडसर काढण्यासाठीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत चित्रमय पडद्याची कल्पना वाढीस लागली. १९८१ सालीं त्या कंपनीनें 'स्टार' नांवाचा संगणक विक्रीस काढला. त्याच्या पडद्यावर कारकुनाचें मेज अवतरलें होतें : कागद, कागद ठेवण्याचीं पाकिटें, येणाऱ्या व जाणाऱ्या टपालाच्या टोपल्या. १९८४ सालीं ॲपल कंपनीच्या 'मॅकिंटॉश'नें ही कल्पना घरोघरीं पोंचविली, आणि पुढें ती सार्वत्रिक झाली.

कल्पना चातुर्याची होती, यांत शंका नाहीं. ज्याचें आयुष्य मेजापाशीं गेलें आहे, त्याला पडद्यावरचें मेज पाहतांच ओळखीचें वाटतें. पण ज्याच्या घरांत मेजच नाहीं, ज्याचे कागद ट्रंकेंत किंवा देव्हाऱ्यामागें ठेवलेले असतात, त्याला त्या रूपकाचा काय उपयोग ? त्याच्या दृष्टीनें तीं चित्रें म्हणजे पुनः पाठ करावयाच्या आज्ञाच, फक्त रंगीत. पुढें संगणकाची शक्ति वाढली तशी पडद्यावरची गर्दी वाढली. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवीं बटणें आलीं आणि जुनें एकही जाईना. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यानें १९५२ सालींच प्रयोगानें दाखविलें होतें, कीं समोरचे पर्याय वाढले म्हणजे निवडीस लागणारा वेळही वाढतो. १९९४ सालीं डॅनिश तज्ज्ञ जेकब नील्सन यानें पडद्याच्या मांडणीचे दहा दंडक प्रसिद्ध केले. त्यांतील एकाचा मथितार्थ असा, कीं पडद्यावर ठेवलेली प्रत्येक अनावश्यक गोष्ट आवश्यक गोष्टीशीं स्पर्धा करते आणि तिला झांकोळून टाकते. वारणेची योजना आंखली गेली त्याच १९९८ सालीं अमेरिकेंत गूगल कंपनीची स्थापना झाली. तिच्या पानावर एक नांव, एक रिकामी चौकट आणि दोन बटणें यांखेरीज जवळ जवळ कांहींच नव्हतें. तिच्या चालकांस पान सजविण्याची कला येत नव्हती म्हणून तें तसें राहिलें, असेंही सांगतात. कारण कांहींही असो, प्रतिस्पर्ध्यांचीं गच्च भरलेलीं पानें मागें पडलीं आणि तें कोरें पान जगभर गेलें.

वारणा खोऱ्यांत यांतलें कांहींएक कोणी वाचलें नव्हतें. तेथें पडद्याची छाटणी झाली ती वेगळ्याच रीतीनें. शेतकरी केंद्रावर येई. संगणकास तो स्वतः क्वचितच हात लावी. खिडकीशीं उभें राहून तो चालकाला आपला प्रश्न विचारी, चालक उत्तर काढून देई. म्हणजे शेतकऱ्यापुरता संगणकाचा दर्शनी भाग म्हणजे तो चालकच होता, आणि जिवंत माणसासारखा सोपा दर्शनी भाग अद्यापि कोणी बनविलेला नाहीं. शेतकरी जे प्रश्न विचारीत ते मोजकेच : उसाची नोंद, खताची उचल, तोडणीचा परवाना, कांट्यावरचें वजन. जगाशीं संपर्क, सरकारी दाखले, शिक्षण हे सारे विभाग कागदांवर राहिले. दशकाच्या मध्यावर अभ्यासकांनीं तेथें जाऊन पाहिलें, तेव्हां केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता उरला असल्याचें त्यांना आढळलें.

यावरून शेतकऱ्यांना इतर माहिती नको होती, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. बाजारभाव उपयोगी पडतो तो ताजा असेल तर. दाखला पडद्यावर दिसून भागत नाहीं, त्यावर सही-शिक्का लागतो, आणि तो देणारा अधिकारी तालुक्याच्या गांवीं बसलेला असतो. उसाच्या हिशेबामागें कारखाना उभा होता, रोज कांटा चालत होता, रोज नोंदी होत होत्या. म्हणून तेवढ्या प्रश्नांचीं उत्तरें खरीं होतीं. बाकीच्या चित्रांमागें कोणी उभें नव्हतें. खेड्यांतील माणूस अशा बाबतींत मोठा चोखंदळ असतो. ज्या दारामागें घर नाहीं, तें तो दुसऱ्यांदा ठोठावीत नाहीं.

चार प्रश्नांसाठीं संपूर्ण संगणक बाळगणें हें मात्र महागाचें काम होतें. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत वीज तासन् तास जात असे. यंत्रें जुनीं होत चाललीं होतीं. दुरुस्ती आणि जोडणी यांचा खर्च चालूच होता. अशा वेळीं बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंतील राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा यांनीं एक उलटा प्रयोग मांडला. योजनेचें नांव 'तारांनीं जोडलेलें खेडें', तर यांनीं आपल्या प्रयोगास नांव दिलें 'वारणा अन्‌वायर्ड', म्हणजे तारा सोडविलेली वारणा. संगणक सुधारावयाचा नाहीं, पडदा आकर्षक करावयाचा नाहीं. गांवांतला संगणक काढूनच टाकावयाचा आणि त्याचें काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाकडून करून घ्यावयाचें. संगणकाच्या एका मातब्बर कंपनीच्या संशोधकांनीं संगणक उचलून ठेवण्याचा सल्ला द्यावा, यांतली गंमत लक्षांत येण्याजोगी आहे.

लघुसंदेश ही वस्तु मुळांतच कंजूष. तिची मर्यादा ठरविणारांपैकीं एक, फ्रीडहेल्म हिलेब्रांट नांवाचा जर्मन अभियंता. १९८५ च्या सुमारास बॉन येथें त्यानें टंकलेखन यंत्रावर सहज सुचतील तीं वाक्यें लिहून अक्षरें मोजलीं, तेव्हां बहुतेक वाक्यें १६० अक्षरांच्या आंत बसतात असें त्याच्या ध्यानांत आलें. पोस्टकार्डांवरील मजकूरही त्याच बेताचा भरला. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानें संगणकावरून एका भ्रमणध्वनीवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या, तो पहिला लघुसंदेश होय. त्यांत चित्र नाहीं, रंग नाहीं, बटण नाहीं; जें सांगावयाचें तें अक्षरांत आणि थोडक्यांत.

देवनागरीला मात्र ही कंजुषी दुप्पट जाचते. १६० ची मर्यादा रोमन अक्षरांची. देवनागरी मजकूर युनिकोड पद्धतीनें पाठविला तर एका संदेशांत ७० च चिन्हें मावतात. आणि काना, मात्रा, वेलांटी यांचें प्रत्येकीं स्वतंत्र चिन्ह मोजलें जातें. 'वारणा' हा शब्द डोळ्यांस तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्र त्याचीं पांच चिन्हें मोजतें. मराठी लिपीला यंत्राच्या चौकटींत बसविण्याची ही तारांबळ नवी नाहीं. लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'च्या छपाईसाठीं देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं इ, ई, उ, ऊ हीं स्वतंत्र अक्षरें सोडून 'अ'लाच वेलांट्या व उकार जोडण्याचा पुरस्कार केला, आणि त्या रीतीनें पुस्तकेंही छापून निघालीं. तर्काच्या दृष्टीनें ती सुधारणा बिनतोड होती. चिन्हें कमी, खिळे कमी, शिकण्यास सोपें. तरी ती रुळली नाहीं. वाचणाऱ्यांनीं तशी मागणी केली नव्हती, आणि त्यांचे डोळे जुन्या अक्षरांना सरावलेले होते. वारणा खोऱ्यांत झालेली छाटणी टिकाऊ ठरण्याजोगी होती ती नेमकी याच्या उलट कारणामुळें : कोणते प्रश्न ठेवावयाचे, तें आठ वर्षांच्या वापरानें आधींच ठरवून दिलें होतें.

प्रयोगाची रचना साधी होती. कारखान्याच्या कचेरींत एक संगणक, आणि त्याला तारेनें जोडलेला एक भ्रमणध्वनि. गांवाकडून ठराविक शब्द व सभासदाचा क्रमांक असलेला संदेश आला, कीं हा संगणक तो वाचून नोंदवहींत शोध घेई आणि उत्तराचा संदेश उलट पाठवी. खिडकी नाहीं, चित्र नाहीं, मेज नाहीं. एका अर्थीं ही गाडी पुनः लेखी आज्ञांच्या जुन्या काळांत जाऊन पोंचली होती. फरक एवढाच, कीं आज्ञा शेंकड्यांनीं नव्हत्या, बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सात गांवांत हा प्रयोग आठ महिने चालला. त्याचे निष्कर्ष २००७ च्या डिसेंबरांत बंगळूर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत मांडले गेले, ते असे : संगणक जें जें करीत होता, तें सर्व लघुसंदेशानें होऊं शकलें, खर्च कमी आला, सोय वाढली, आणि शेतकऱ्यांची पसंती नव्या पद्धतीस मिळाली.

या पसंतीचें कारण निव्वळ मांडणींत शोधलें तर चूक होईल. मोबाईल कोणत्याही योजनेवांचून, शेतकऱ्याच्या स्वतःच्या पैशानें, त्याच्या खिशांत आलेला होता. २००३ सालीं नोकिया कंपनीनें काढलेला '११००' हा भ्रमणध्वनि जगांत पंचवीस कोटींहून अधिक खपला. त्यांत कांहीं विशेष नव्हतें; पण धुळीला दाद न देणारीं बटणें होतीं आणि वरच्या टोंकाला विजेरी होती. शेतीपंपाची वीज रात्रीं येते, म्हणून अंधारांत पाणी पाजावयास जाणाऱ्या माणसाला त्या विजेरीची किंमत कोणी समजावून सांगावी लागली नाहीं. यंत्राच्या कर्त्यानें ग्राहकाचा दिवस, किंबहुना रात्र, पाहिली होती, एवढें त्यावरून दिसतें.

साधेपणाच्या भक्तांनीं मात्र एका गोष्टीकडे डोळेझांक करूं नये. झेरॉक्स व ॲपल या दोन्ही कंपन्यांत काम केलेला लॅरी टेस्लर म्हणत असे, कीं कोणत्याही व्यवस्थेंतील गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी होत नाहीं. ती वापरणाऱ्यानें सोसावी कीं बनविणाऱ्यानें, एवढाच प्रश्न उरतो. वारणेच्या प्रयोगांत गांवांतला पडदा नाहींसा झाला, तशी गुंतागुंत नाहींशी झाली नाहीं. कांहीं भाग कचेरींतल्या संगणकाकडे गेला, तें योग्यच झालें. कांहीं भाग मात्र शेतकऱ्याच्या डोक्यांत गेला : ठराविक शब्द ध्यानांत ठेवावयाचा, क्रमांक बिनचूक टंकावयाचा. खिडकींतला चालक अर्धवट प्रश्नही समजून घेई, नांव सांगितलें कीं क्रमांक काढी, कपाळावरची आंठी पाहून दुसरी नोंदही तपासून देई. लघुसंदेशाला आंठी दिसत नाहीं.

याहून गंभीर मुद्दा काय गाळावयाचें हें ठरविण्याच्या अधिकाराचा आहे. 'काटामारी' हा शब्द महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यांत अकारण रूढ झालेला नाहीं. वजन, उतारा, वाहतूक, कपाती यांवरून शेतकरी व कारखाने यांत वर्षानुवर्षें वाद झडत आले आहेत, आणि उसाचे पैसे चौदा दिवसांच्या आंत दिले पाहिजेत असा दंडक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत घातलेला असूनही आंदोलनें व्हायचीं थांबलेलीं नाहींत. अशा व्यवहारांत सुटसुटीत उत्तर सोयीचें असतें, पण तें कोणाच्या सोयीचें, हें विचारावेंच लागतें. वजनाचा एक आंकडा संदेशांत बसतो. त्या आंकड्यापर्यंत पोंचण्याचा हिशेब बसत नाहीं. शेतकऱ्याला विचारतां येतील तेवढेच प्रश्न पडद्यावर असतील, तर विचारतां न येणारा प्रश्न कोणाच्या मनांत होता हें नोंदलेंही जात नाहीं. छापील पावती पसरट दिसते खरी, तथापि तींत रकाने असतात आणि रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो. संदेशांत रिकामा रकाना नसतो. केंतारो तोयामा यांनीं पुढें २०१५ सालीं 'गीक हेरेसी' हें पुस्तक लिहून असा सिद्धांत मांडला, कीं यंत्र हें माणसांच्या आणि संस्थांच्या अंगीं असलेलें बळच वाढवितें. नसलेलें निर्माण करीत नाहीं. वारणेंत चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, कारण त्यामागें चालता कारखाना होता. जेथें संस्था चोख, तेथें साध्या पडद्यानें तिचा चोखपणा जवळ येतो. जेथें ती तशी नाहीं, तेथें त्याच साधेपणाआड पुष्कळ कांहीं झांकतां येतें.

त्यानंतर काळ झपाट्यानें बदलला. उसाच्या वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाईलवर येणें ही महाराष्ट्रांतील अनेक कारखान्यांत नित्याची बाब झाली. साधे भ्रमणध्वनि मागें पडून मोठ्या पडद्याचे हातीं आले, आणि त्यांबरोबर चित्रांची, बटणांची, सूचनांची गर्दी पुनः खिशांत येऊन दाखल झाली. २०२२ सालीं राज्याच्या साखर आयुक्तालयानें 'महा-ऊस नोंदणी' नांवाचें ॲप काढलें. त्यांत शेतकऱ्यानें आपल्या उसाची नोंद स्वतः करावी अशी योजना आहे. जिल्हा, तालुका, गांव, गट क्रमांक, लागणीची तारीख, लागणीचा प्रकार आणि क्षेत्र एवढी माहिती भरावयाची, आणि ऊस कोणत्या कारखान्यास द्यावयाचा तें सांगावयाचें. नुसतें विचारण्याच्या पलीकडे जाऊन शेतकऱ्यानें स्वतः कांहीं लिहिण्याची सोय, या दृष्टीनें तो बदल लहान नाहीं.

पहिल्या दोन प्रश्नांपैकीं वजनाचा प्रश्न असा पडद्यावर आला. तोडीचा मात्र अद्यापि नीटसा आलेला नाहीं. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखांवरून आंखलेला असतो. पण बीड किंवा जत भागांतून निघालेली टोळी केव्हां पोंचेल, मध्येंच पाऊस येऊन पाणंद चिखलानें भरेल कीं काय, गाळप एखाद्या दिवसापुरतें बंद पडेल कीं काय, हें त्या कार्यक्रमांत लिहिलेलें नसतें. फडांत टोळी नक्की कोणत्या दिवशीं येणार, हें विचारण्यासाठीं शेतकरी मोठ्या पडद्याचा तोच मोबाईल हातीं घेतो आणि शेतकी विभागाच्या चिटबॉयला फोन लावतो.